पाथरीच्या कुळकर्ण्यांचा वंशज : सेनापति मलिक हसन बहरी

१. प्रास्ताविक

परभणी जिल्ह्यांतील पाथरी हें गोदावरीच्या उत्तरेस वसलेलें जुनें गांव. आज तें तालुक्याचें ठिकाण आहे. मोंगलांच्या अमदानींत तें वऱ्हाड सुभ्यांतील एका सरकारचें मुख्य ठिकाण होतें, व आईन-इ-अकबरींत त्या सरकारची नोंद आढळते. परंतु दक्षिणेच्या इतिहासाशीं या गांवाचा याहूनहि जवळचा एक संबंध आहे, आणि तो बहुतेकांच्या ध्यानांत नसतो. अहमदनगरची निजामशाही ज्या घराण्यानें स्थापिली, त्या घराण्याचा मूळ पुरुष मलिक हसन बहरी हा पाथरीच्या ब्राह्मण कुळकर्ण्यांच्या वंशांतला होता. लढाईंत कैद झालेलें एक पोर बहामनी सुलतानाच्या गुलामांत वाढलें. त्यानें तेलंगणचें सेनापतित्व मिळविलें. पुढें सर्व राज्याचें नायबपद त्याच्या हातीं आलें. आणि अखेर राजधानींतच गळा आवळला जाऊन त्याचा अंत झाला. त्याच्या मरणानंतर चार वर्षांत त्याच्या मुलानें स्वतंत्र राज्य उभारलें, तें पुढें इ. स. १६३६ पर्यंत टिकलें.

आम्हीं परभणी जिल्ह्यांत पुष्कळ वर्षें मुलांस इतिहास शिकविला. निजामशाहीचा आरंभ आम्ही जुन्नर व अहमदनगर येथून सांगत असूं. पाथरीकडचीं मुलें समोर बसलेलीं असतांहि पाथरीचें नांव आमच्या तोंडून कधीं निघालें नाहीं. क्रमिक पुस्तकांत तें नव्हतें हें खरें; पण फिरिस्त्याच्या ग्रंथांत तें होतें, आणि तो ग्रंथ आमच्या हाताशीं होता. हा दोष आमचाच. त्याचें थोडेंबहुत परिमार्जन व्हावें या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

या पुरुषाविषयीं जें कांहीं आमच्या कानांवर आलें आहे, तें दोन प्रकारचें आहे. कोणी म्हणतात, तो पाथरीस जन्मला आणि पाथरीच्या ब्राह्मणानें बादशाही स्थापिली, ही आपणांस भूषणाची गोष्ट आहे. कोणी म्हणतात, तो धर्मांतरित व कपटी होता, त्याचें नांव न काढणेंच बरें. दोन्ही बोलणीं साधनांकडे पाठ फिरवून केलेलीं आहेत. तो पाथरीस जन्मला नाहीं; आणि तरीहि तो पाथरीचाच होता. हें विधान वरवर पाहतां परस्परविरुद्ध दिसेल. तें कसें उभें राहतें, तें पुढें दाखवावयाचें आहे.

२. साधनें व त्यांचें मोल

मलिक हसनची हकीकत मुख्यतः दोन फारशी ग्रंथांतून मिळते. पहिला ग्रंथ महंमद कासीम फिरिस्ता याची तवारीख. फिरिस्ता हा मूळचा इराणांतील अस्तराबादचा. लहानपणीं तो अहमदनगरास आला, मूर्तजा निजामशहाच्या चाकरींत राहिला, व इ. स. १५८९ मध्यें विजापुरास जाऊन दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयाखालीं त्यानें आपला इतिहास लिहिला. दुसरा ग्रंथ सय्यद अली तबातबा याचा बुर्हान-इ-मासीर. हा दुसऱ्या बुर्हाण निजामशहाच्या (इ. स. १५९१ ते १५९५) पदरीं राहून लिहिलेला आहे.

या दोघांत मूळ मुद्यावरच मतभेद आहे. फिरिस्ता म्हणतो, निजामशाही घराणें मूळचें ब्राह्मणाचें. तबातबा त्या घराण्याचा संबंध थेट बहामनी राजवंशाशीं जोडतो. यांपैकीं कोणाचें ऐकावें?

राजाच्या पदरीं बसून राजाचा वंश लिहिणाऱ्या लेखकास यजमानाचें कूळ उंच दाखविण्याचा मोह होतो, ही गोष्ट आपल्याकडील प्रशस्तिकारांवरूनहि आपणांस ठाऊक आहे. खुद्द फिरिस्ता या मोहांतून सुटलेला नाहीं. विजापूरच्या आदिलशाहीचा संस्थापक यूसुफ हा तुर्कस्थानच्या सुलतानाचा मुलगा, अशी कथा त्यानेंच दिली आहे, आणि ती देतांना तो विजापूरकरांचें अन्न खात होता. म्हणून तबातबाची वंशावळ सावधपणेंच घ्यावी लागते. उलट असेंहि म्हणतां येईल कीं, विजापुरास बसलेल्या फिरिस्त्याला अहमदनगरकरांस हीन दाखविण्यांत गोडी वाटली असेल. ही शंका रास्त आहे. पण तिचा निकाल लावणारी एक गोष्ट या दोघांच्या लेखणीबाहेरची आहे. ती म्हणजे मलिक हसनच्या नातवानें पाथरीसाठीं केलेल्या दोन लढाया. शब्द खोटे असूं शकतात. एका परगण्यासाठीं दोनदां चालविलेली फौज सहसा खोटी नसते. त्या लढायांचा वृत्तांत पुढें येईलच.

३. बाप भैरव, मुलगा तिमाभट

फिरिस्ता सांगतो तें थोडक्यांत असें. मलिक हसन हा विजयानगरचा ब्राह्मण. त्याचें मूळचें नांव तिमाभट व बापाचें नांव भैरव अथवा भैरू. अहमदशहा बहामनीच्या विजयानगरावरील स्वारींत तो लहानपणीं मुसलमानी फौजेच्या हातीं सांपडला. त्यास मुसलमान करून हसन हें नांव दिलें आणि शाही गुलामांत सामील केलें. मुलाची हुशारी पाहून सुलतानानें त्यास शहाजादा महंमद याच्या सोबतीस दिलें. तेथें तो फारशी व अरबी विद्येंत निपुण झाला. बापाच्या नांवावरून त्यास 'हसन भैरू' म्हणत. शहाजाद्यास तो उच्चार साधेना, म्हणून भैरूचें 'बहरी' झालें. शिवाय त्याच्याकडे शाही शिकारी पक्ष्यांचें काम होतें, आणि बहरी हें एका ससाण्याचेंहि नांव आहे.

पाथरीचा उल्लेख फिरिस्ता येथें करीत नाहीं. तो पुढें बुर्हाण निजामशहाच्या प्रकरणांत येतो : या घराण्याचे पूर्वज पाथरीचे वंशपरंपरेचे कुळकर्णी होते, आणि ते कांहीं कारणानें गांव सोडून विजयानगरच्या मुलखांत गेले होते. दोन्ही ठिकाणचा मजकूर एकत्र वाचला म्हणजे चित्र पुरें होतें. मूळ पाथरी, स्थलांतर विजयानगर, कैद विजयानगरच्या स्वारींत. म्हणून 'पाथरीस जन्मला' हें म्हणणें टिकत नाहीं. चौदाव्या शतकाच्या अखेरीस पडलेल्या दुर्गादेवीच्या दुष्काळानें दक्षिणेंतील पुष्कळ गांवें ओस पडलीं. हें स्थलांतर त्याच सुमाराचें असावें असा तर्क मनांत येतो. काळ जुळतो, एवढेंच त्याबाबत म्हणतां येईल.

येथें नांवांकडे जरा बारकाईनें पाहावें. 'भैरव' हा शब्द संस्कृत. पण मराठींत तो 'बहिरव', 'बहिरो', 'बहिरम' अशा रूपांनीं फार जुन्या काळापासून रूढ आहे. गांवोगांवचे बहिरोबा, पैठणच्या कथेंतले बहिरंभट, शाहूकालीन पेशवे बहिरोपंत पिंगळे, हीं सर्व भैरवाचींच रूपें. 'भ' या महाप्राणांतील हकार सुटा होऊन पुढें सरकणें ही मराठीची प्रवृत्तिच आहे. तेव्हां भैरूचें बहरी होण्यास शहाजाद्याच्या जिभेचाच दोष धरण्याची गरज नाहीं; घरांत मुळापासूनच 'बहिरो' म्हणत असतील. ससाण्याच्या एका जातीसहि आपण मराठींत 'बहिरी ससाणा' म्हणतों. अशा रीतीनें देवाचें नांव आणि पक्ष्याचें नांव एका उच्चारांत मिसळून गेलें, व दरबारास जें सोयीचें तें राहिलें.

मुलाचें 'तिमा' हें नांव मात्र निराळ्या प्रांतीचें वाटतें. तिम्मा, तिम्मप्पा, तिम्मराज हीं नांवें तिरुमल या दैवतनामापासून आलेलीं, आणि कर्नाटक व आंध्र देशांत, विशेषतः विजयानगरच्या राज्यांत, घरोघर आढळणारीं आहेत. बापाचें नांव गोदेकांठचें आणि मुलाचें तुंगभद्रेकांठचें, असा हा जोड आहे. तिमाजी हें नांव आपल्याकडेहि आढळतें, आणि फारशी लिपींत ऱ्हस्व स्वर लिहिले जात नसल्यानें पाठभेदांस वाव राहतो. म्हणून यावर फार मोठी इमारत रचूं नये. तथापि फिरिस्त्यानें सांगितलेल्या स्थलांतराशीं हीं दोन नांवें जुळतात, इतकें नमूद करणें उचित होईल.

कालाचा एक घोळ मात्र सोडविला पाहिजे. अहमदशहा वली इ. स. १४२२ मध्यें गादीवर आला व १४२३ मध्यें त्यानें विजयानगरावर स्वारी केली. तिमाभट त्याच स्वारींत सांपडला असें धरलें, तर तो शहाजादा महंमदाचा बालसोबती होऊं शकत नाहीं. कारण जो महंमदशहा पुढें त्याचा धनी झाला, तो इ. स. १४६३ मध्यें नऊदहा वर्षांचा असतां गादीवर बसला. म्हणजे त्या स्वारीनंतर तीस वर्षांनीं तो जन्मला. आमच्या मतें येथें दोन अहमदशहांची गल्लत झाली असावी. वलीचा मुलगा अल्लाउद्दीन हाहि अहमदशहा म्हणवीत असे (इ. स. १४३६ ते १४५८), आणि त्याचेंहि विजयानगरच्या देवरायाशीं इ. स. १४४३ मध्यें युद्ध झालें. महंमदशहा हा त्याचा नातू. पंधरासोळा वर्षांचा हुशार गुलाम लहानग्या नातवाच्या दिमतीस दिला, आणि त्या बोबड्या पोरानें त्याचें नांव आपल्या परीनें उच्चारलें, असें मानलें म्हणजे हकीकतीचे सर्व धागे जुळतात. हें अनुमान मान्य झाल्यास मृत्युसमयीं मलिक हसनचें वय पन्नाशीच्या आंतबाहेर ठरतें. नाहींतर सत्तरीच्या जवळ जातें.

४. तेलंगणचें सेनापतित्व

महंमदशहाच्या कारकीर्दींत बहामनी राज्याचा खरा चालक महमूद गावान हा होता. तो इराणांतील गिलान प्रांताचा. इ. स. १४५३ मध्यें व्यापाराच्या निमित्तानें तो दक्षिणेंत आला आणि आपल्या योग्यतेनें वजिरीपर्यंत चढला. त्या वेळीं दरबारांत दोन पक्ष होते. समुद्रापलीकडून आलेले इराणी, तुर्क व अरब यांस आफाकी अथवा परदेशी म्हणत. येथेंच पिढ्यान् पिढ्या राहिलेले मुसलमान, येथले धर्मांतरित व त्यांच्या बाजूचे हबशी, यांस दक्षिणी म्हणत. मलिक हसन हा या दक्षिणी पक्षाचा पुढारी झाला.

त्याच्या लष्करी कीर्तीचा आरंभ ओरिसाच्या राजकारणांत झाला. तेथील पराक्रमी राजा कपिलेंद्र वारल्यावर त्याच्या मुलांत गादीसाठीं तंटा लागला, आणि हंवीर या मुलानें बहामनी सुलतानाकडे मदत मागितली. इ. स. १४७१ च्या सुमारास या कामगिरीवर मलिक हसनची रवानगी झाली. त्यानें हंवीरास त्याच्या जागीं बसविलें, आणि राजमहेंद्री व कोंडवीड हीं दोन मातबर स्थळें बहामनी अमलाखालीं आणिलीं. राजमहेंद्री ही गोदावरीच्या मुखाकडची नगरी. ज्या नदीच्या कांठचें वतन पूर्वजांनीं सोडलें, त्याच नदीच्या दुसऱ्या टोंकाचा मुलूख या सेनापतीनें जिंकला. या मोहिमेमुळें पूर्वेच्या समुद्रापर्यंत बहामनी सत्ता पोंचली. मलिक हसनला निजामउल्मुल्क हा किताब व तेलंगणची तर्फदारी मिळाली. त्याच सुमारास फतेउल्ला इमादउल्मुल्क यास वऱ्हाड व यूसुफ आदिलखान यास दौलताबाद मिळालें. तर्फदार म्हणजे केवळ वसुलाचा अधिकारी नव्हे. प्रांतांतील फौज, किल्ले व मुलकी कारभार हीं तिन्हीं त्याच्या हातीं असत.

जिंकलेलें राखणें जिंकण्याहून अवघड असतें, याचा अनुभव त्यास लौकरच आला. ओरिसांत पुरुषोत्तमाची बाजू वर आली, कोंडवीडास बंड झालें, आणि इ. स. १४७७ च्या सुमारास उडियांची फौज राजमहेंद्रीवर लोटली. निजामउल्मुल्कास एकट्यास हें संकट आवरेना. अखेर सुलतान स्वतः गावानसह मोठें सैन्य घेऊन आला, तेव्हां शत्रु हटला. येथें दोन गोष्टी दिसतात. पूर्वेच्या आघाडीवर राज्याचा भरंवसा याच पुरुषावर होता. आणि राजधानीपासून दूर असलेला प्रांत एका सरदाराच्या बळावर राहत नाहीं, ही जाणीव गावानास याच आघाडीनें पक्की करून दिली असावी.

५. तर्फांची फोड व गावानचा वध

गावानानें राज्याच्या चार तर्फांच्या आठ केल्या. वऱ्हाडचे गाविलगड व माहूर, दौलताबादचे दौलताबाद व जुन्नर, गुलबर्ग्याकडील भागाचे विजापूर व गुलबर्गा, आणि तेलंगणचे राजमहेंद्री व वरंगळ असे भाग झाले. प्रत्येक तर्फेंत तर्फदाराच्या ताब्यांत एकच किल्ला ठेवून बाकीच्या किल्ल्यांवर सुलतानानें आपले किल्लेदार नेमले. पांचशें माणसांच्या सरदारास वर्षास एक लक्ष होन मिळत, ते सव्वा लक्ष केले. पण शिपाई कमी भरल्यास तितका पैसा कापून घेण्याचें ठरलें. राज्याच्या दृष्टीनें ही व्यवस्था शहाणपणाची होती. गावान स्वतः परदेशी असला तरी त्यानें तर्फा वांटतांना दोन्ही पक्षांचा तोल सांभाळला होता.

मलिक हसनला मात्र ही फोड झोंबली. वरंगळ त्याच्याकडून निघून आजमखानाकडे गेलें व त्याच्याकडे राजमहेंद्री तेवढी उरली. भरीस भर म्हणून त्याचा मुलगा मलिक अहमद यास त्याच्यापासून दूर, माहूरच्या खुदावंदखानाच्या हाताखालीं नेमण्यांत आलें; बापलेक एकत्र राहिल्यास भारी होतील असें दरबारास वाटत होतें. पुढें खटपट करून त्यानें मुलास परत आपल्या मुलखांत आणविलें. परंतु मनांतील अढी गेली नाहीं.

पुढची हकीकत प्रसिद्ध आहे. गावानचा शिक्का सांभाळणारा एक हबशी गुलाम होता. त्यास जरीफउल्मुल्क दक्षिणी व मिफ्ताह हबशी यांनीं मद्य पाजून कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून घेतला, आणि त्यावर ओरिसाच्या राजास राज्यावर चालून येण्याचें आमंत्रण देणारें पत्र गावानच्या नांवें लिहिलें. हे दोघेहि मलिक हसनच्या गोटांतले. गावानचा स्नेही यूसुफ आदिलखान दूर मोहिमेवर होता. पत्र सुलतानासमोर आलें त्या वेळीं मलिक हसन तेथें हजर होता, आणि सुलतानाचा राग भडकविण्याचें काम त्यानें केलें, असें फिरिस्ता म्हणतो. गावानानें शिक्का आपला, पण पत्र आपलें नव्हे, असें सांगितलें. मद्यधुंद सुलतानानें चौकशी केली नाहीं. इ. स. १४८१ च्या एप्रिलच्या ५ व्या तारखेस कोंडपल्लीच्या छावणींत त्या वृद्ध वजिराचा शिरच्छेद झाला. वर्ष पुरें होण्याच्या आंतच, १४८२ च्या मार्चांत, पश्चात्तापानें व मद्यानें खंगलेला महंमदशहाहि वारला.

या प्रकरणांत मलिक हसनचा दोष किती? फिरिस्ता व तबातबा हे दोघेहि परदेशी पक्षाच्या रक्ताचे, म्हणून त्यांनीं दक्षिणी पुढाऱ्यास काळें फांसलें, असा बचाव करतां येईल. आम्हांसहि प्रथम तसें वाटलें होतें. परंतु एक साक्ष अशी आहे कीं, तिच्यापुढें हा बचाव टिकत नाहीं. वऱ्हाडचा फतेउल्ला इमादउल्मुल्क हाहि विजयानगरच्या स्वारींत सांपडलेला व मुसलमान झालेला ब्राह्मणाचा मुलगा. तो परदेशी नव्हता; जन्म, कैद, धर्मांतर व उत्कर्ष या सर्व बाबतींत तो मलिक हसनचा जणुं जुळा भाऊ. गावानच्या वधाची वार्ता ऐकतांच त्यानें व खुदावंदखानानें आपले तळ सुलतानाच्या छावणीपासून दूर हलविले, आणि पुढें बोलावूनहि ते निर्धास्तपणें जवळ आले नाहींत. ज्यास मलिक हसनचा द्वेष करण्याचें पक्षीय कारण नव्हतें, अशा माणसाचें हें वर्तन आहे. तेव्हां गावानच्या वधाचा डाग मलिक हसनवरून धुवून काढण्याचा यत्न करूं नये हेंच खरें. ज्या राज्याचा पूर्वेकडील मुलूख त्यानें वाढविला, त्याच राज्याचा आधारस्तंभ पाडण्यांत त्याचा हात होता.

६. नायबपद व अंत

बारा वर्षांचा महमूदशहा गादीवर आला आणि निजामउल्मुल्क 'मलिक नायब' होऊन सर्व राज्याचा मुखत्यार झाला. इ. स. १४८२ मध्येंच बेदर शहरांत यूसुफ आदिलखानाच्या तुर्कांची व दक्षिणी पक्षाची कत्तल माजली. यूसुफ विजापुरास निघून गेला. बीड व आसपासचे परगणे मलिक नायबाच्या जहागिरींत वाढले, व त्यांची व्यवस्था त्यानें मुलगा मलिक अहमद याच्याकडे सोंपविली. अहमदानें जुन्नरास ठाणें करून शिवनेरी, लोहगड, पुरंदर इत्यादि मराठ्यांच्या ताब्यांतील किल्ले घेतले. पुढील निजामशाहीचा पाया या वेळीं घातला गेला, आणि तो बापाच्या अधिकाराच्या आडोशानें.

इ. स. १४८६ मध्यें वरंगळचा सुभेदार वारला व तेथें बखेडा माजला. मलिक नायब सुलतानास घेऊन तिकडे गेला. छावणींत त्याच्याच जिवावर उठलेला कट त्याच्या कानीं आला, म्हणून तो निसटून बेदरास आला, खजिना उघडून शिपाई जमा करूं लागला, व मुलास निरोप पाठविला. बेदरचा अधिकारी दिलपसंदखान हा त्याच्याच कृपेनें चढलेला. त्यानें सुलतानाशीं आंतून संधान बांधलें, मलिक नायबाचा गळा आवळून प्राण घेतला, आणि शिर सुलतानाकडे पाठविलें. ज्यानें दुसऱ्याच्या विश्वासांतील गुलाम फितूर होतांना पाहिला, त्याचा शेवटहि विश्वासांतील माणसाच्याच हातून झाला.

अहमद त्या वेळीं दंडाराजपुरीस वेढा घालून बसला होता. बापाच्या मरणाची बातमी ऐकून तो परतला व त्यानें बापाचाच किताब धारण केला. इ. स. १४९० च्या मेच्या २८ व्या तारखेस त्यानें भिंगारजवळ बहामनी सेनापति जहांगीरखान याचा पराभव केला. त्या जागीं १४९४ मध्यें अहमदनगर शहराची स्थापना झाली. सध्यां त्या शहरास अहिल्यानगर म्हणतात.

७. वतनाची ओढ

येथपर्यंतची कथा बेदर, तेलंगण व जुन्नर यांची. पाथरी तींत पुन्हां येते ती नातवाच्या वेळीं. अहमदाचा मुलगा बुर्हाण निजामशहा लहान वयांत गादीवर आला. या घराण्याचा उत्कर्ष पाहून पाथरीचे ब्राह्मण भाऊबंद अहमदनगरास जाऊन राहूं लागले. पाथरी त्या वेळीं वऱ्हाडच्या इमादशाहींत मोडत होती. बुर्हाणानें अल्लाउद्दीन इमादशहास लिहिलें कीं, पाथरी आम्हांस द्यावी, तीबद्दल तिच्याहून अधिक वसुलाचा परगणा आम्ही देतों. इमादशहानें नकार दिला व उलट पाथरीचा कोट मजबूत करण्यास लागला. तेव्हां इ. स. १५१८ मध्यें बुर्हाणाच्या फौजेनें एकाएकीं येऊन पाथरी हल्ला करून घेतली. हल्ल्यांत शौर्य गाजविणाऱ्या मियां महंमद घोरीस कामिलखान हा किताब मिळाला व पाथरी त्याच्या स्वाधीन झाली. इ. स. १५२७ मध्यें इमादशहानें गोवळकोंड्याच्या कुतुबशहाचें साह्य घेऊन ती परत जिंकली. बुर्हाणानें बेदरच्या अमीर बरीदास बरोबर घेऊन तोफांचा मारा करून ती पुन्हां घेतली, कोट जमीनदोस्त केला, आणि तो परगणा आपल्या ब्राह्मण नातलगांस इनाम दिला. अकबराच्या वेळेपर्यंत तो त्यांच्याकडे चालला, असें फिरिस्ता नमूद करतो. चांदबिबीनें इ. स. १५९६ मध्यें वऱ्हाड मोंगलांस दिलें. त्याच्याशीं ही मुदत बरोबर जुळते.

या लढाईंत कोण कोणाविरुद्ध लढत होता, तेंहि पाहावें. एका बाजूस तिमाभटाचा नातू बुर्हाण. दुसऱ्या बाजूस फतेउल्लाचा मुलगा अल्लाउद्दीन. विजयानगरच्या स्वाऱ्यांत कैद झालेल्या दोन ब्राह्मण पोरांचे हे वंशज, दोघेहि सुलतान, एका कुळकर्णी वतनाच्या गांवासाठीं रक्त सांडीत होते.

हा खटाटोप कशासाठीं? वसुलासाठीं म्हणावें, तर बुर्हाण अधिक वसुलाचा मुलूख देण्यास तयार होता. सरहद्दीवरील ठाण्यासाठीं म्हणावें, तर घेतल्यावर त्यानेंच कोट पाडून टाकला. उरतें तें एकच कारण : वतन. आपल्या देशांत वतन म्हणजे नुसती जमीन अथवा उत्पन्न नव्हे. गांवच्या पांढरींत आपल्या कुळाचें नांव आहे, महजरावर आपली निशाणी आहे, भाऊबंदांच्या तोंडीं आपली वंशावळ आहे, ही ती भावना. कुळकर्ण्याच्या घरीं तर लेखणी व दप्तर हेंच वतन. लहानपणीं कैद झालेल्या पोराचें नांव बदललें, धर्म बदलला, भाषा बदलली. त्याचें मूळ गांव कोणतें हें त्याच्या वंशजांस कळलें, तें भाऊबंदांनीं हिशेब राखला म्हणूनच कळलें असलें पाहिजे. आणि सुलतान झालेल्या नातवानें तें नातें नाकारलें नाहीं. त्यासाठीं दोनदां तलवार उपसली. अशा स्मृतीचा बनाव कोणी विजापुरास बसून करील, हें आम्हांस संभवनीय वाटत नाहीं.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून आमचीं मतें अशीं. मलिक हसन बहरी हा जन्मानें पाथरीचा नव्हे. तो विजयानगरच्या मुलखांत जन्मला असावा. वतनानें मात्र तो पाथरीचाच, आणि त्याच्या घराण्यानें तें स्वतः मान्य केलें. सेनापति म्हणून बहामनी राज्याची पूर्वेकडील मर्यादा त्यानें वाढविली. मुत्सद्दी म्हणून त्याच्या पक्षानें केलेल्या कपटानें त्या राज्याच्या नाशास वेग आणिला. तो आपल्या भूषणाचा विषय नव्हे, आणि लपविण्याचाहि नव्हे. तो आपल्या इतिहासाचा विषय आहे. पाथरीच्या शाळेंतील मुलास निजामशाहीचा पाठ शिकवितांना या घराण्याचे पूर्वज याच गांवचे कुळकर्णी होते, एवढें वाक्य तरी सांगितलें गेलें पाहिजे. त्याबरोबर गावानच्या वधाचें वाक्यहि सांगितलें गेलें पाहिजे. एक सांगून दुसरें गाळूं नये.

शेवटीं एक विनंती. बुर्हाणानें दिलेलें इनाम सुमारें सत्तर वर्षें पाथरीच्या ब्राह्मणांकडे चाललें. इतक्या दीर्घ वहिवाटीचे कागद त्या काळीं झालेच असतील : इनामपत्रें, महजर, वांटणीपत्रें, निवाडे. पाथरी व आसपासच्या गांवांतील जुन्या वतनदार घराण्यांनीं माळ्यावरचीं रुमालांत बांधलेलीं दप्तरें एकदां सोडून पाहावींत. मोडी वाचतां येत नसल्यास वाचणारीं माणसें अजून आहेत. फारशी कागद असल्यास तेहि वाचून घेतां येतील. वाळवी व पावसाचें पाणी कोणाची वाट पाहत नाहींत. फिरिस्त्याच्या एका उताऱ्यावर आपण आज जें बोलतों, त्यास पाथरीच्या मातींतला एक कागद जरी जोड मिळाला, तरी हा लेख लिहिल्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं. आणि त्या कागदानें आमचें एखादें मत खोटें ठरलें, तरी तें आम्हीं आनंदानें मागें घेऊं.